काचेच्या घरातील स्थावर आणि जंगम

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग पाडण्याची पद्धत आपल्या पूर्ण परिचयाची आहे. जमीन, घर, विहीर ही स्थावर. खाट, पेटी, भांडीकुंडी, कपडालत्ता ही जंगम. ‘स्थावर’ हा शब्द ‘स्था’ या धातूपासून आणि ‘जंगम’ हा ‘गम्’ या धातूच्या अभ्यस्त रूपापासून सिद्ध झाला असल्यामुळे, जे उभे राहते ते आणि जे हलते-फिरते ते, असा अगदी सरळ भेद या जोडीत आहे. (वीरशैव संप्रदायात या जोडीला जो गहन अर्थ आहे तो येथे अभिप्रेत नाही.) युरोपातील कित्येक भाषांत हाच भेद घरातील सामानाच्या नावात उतरलेला दिसतो. फ्रेंचमधील ‘मोब्ल’, जर्मनमधील ‘म्योबेल’, इटालियनमधील ‘मोबिले’, स्पॅनिशमधील ‘मुएब्ले’ हे सर्व शब्द ‘हलविता येण्याजोगे’ या अर्थाच्या ‘मोबिलिस’ या लॅटिन शब्दाकडे जातात. आणि फ्रेंच भाषेत इमारतीला जो ‘इम्मोब्ल’ हा शब्द आहे त्याचा अर्थ ‘न हलणारे’ असा होतो. आपण मराठीत घेतलेला ‘फर्निचर’ हा इंग्रजी शब्द मात्र पुरविणे, सज्ज करणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. म्हणजे एका शब्दकुळाला सामान हलते हे महत्त्वाचे वाटले, आणि दुसऱ्याला त्यावाचून घर अपुरे राहते हे महत्त्वाचे वाटले.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बांधल्या गेलेल्या काही काचभिंतींच्या घरांनी या विभागणीची विलक्षण उलथापालथ केली. त्या घरांविषयी वास्तुकलेच्या अंगाने विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांकडे राहणाऱ्याच्या बाजूने पाहावयाचे आहे, आणि तेही मुख्यतः एका प्रश्नापुरते: भिंत काचेची झाली म्हणजे घरातील सामानाचे काय होते, आणि त्या सामानावर अधिकार कोणाचा राहतो? मधून मधून शब्दांच्या इतिहासाचा आधार घेतला आहे. लेखकाचा विषय भाषा हा असल्यामुळे तो मोह टाळता आला नाही हे खरे. पण या ठिकाणी शब्द वाटाड्याचे काम करतात असा अनुभव आहे.

प्रथम भिंत काय काय करते ते पाहिले पाहिजे. ती छप्पर पेलते, ऊन-वारा-पाऊस अडविते आणि दृष्टी अडविते, ही तिची तीन कामे कोणीही सांगेल. चौथे काम सहसा ध्यानात येत नाही, ते म्हणजे वस्तू सांभाळणे. आपल्या जुन्या वाड्यांत फर्निचर म्हणण्याजोगे फारसे काही नसे, याचे कारण काही अंशी भिंतींच्या जाडीत आहे. कोनाडा, देवळी, फडताळ, खुंटी ही सारी भिंतीच्याच अवयवांची नावे आहेत, सुट्या वस्तूंची नव्हेत. दिवा देवळीत, पगडी खुंटीवर, बरणी फडताळात. सामानाला स्वतःचा देह असण्याची गरजच नव्हती, भिंतीचा देह त्याला पुरे होई. पाश्चात्त्य घरांत भिंत पातळ झाली तरी हे काम तिने पुष्कळ अंशी ठेवले होते. कपाट तिला टेकून उभे राही, चित्र तिच्यावर टांगले जाई, पलंगाची उशाकडची बाजू तिला लागे. काचेच्या तावदानाला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याला कोनाडा पाडता येत नाही, खिळा ठोकता येत नाही, आणि त्याला टेकून काही ठेवले तर त्या वस्तूची पाठ बाहेरच्या जगाला दिसते.

भिंतीला ही मुभा मिळाली ती पोलादी सांगाड्यामुळे. छपराचा भार खांबांनी उचलला की भिंत केवळ आच्छादन उरते. अशा आच्छादनाला इंग्रजीत ‘कर्टन वॉल’, म्हणजे पडदाभिंत, असे नाव आहे. गमतीची गोष्ट अशी की हेच नाव पूर्वी किल्ल्याच्या दोन बुरुजांमधील दगडी तटाला होते. ज्या शब्दाने सर्वांत अभेद्य भिंत सांगितली जाई, तोच आता पाव इंच जाडीच्या काचेला लागू झाला.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध, आणि सर्वांत जास्त वादग्रस्त, घर शिकागोच्या नैर्ऋत्येस प्लेनो या गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी आहे. शिकागोतील वैद्यक व्यावसायिक डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांची आणि जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लुडविग मीस व्हान डर रोहे यांची 1945 मध्ये एका भोजनप्रसंगी ओळख झाली आणि आठवड्याच्या अखेरीस जाऊन राहण्याजोगे एक घर बांधण्याचे ठरले. त्याची प्रतिकृती 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली. घर पुरे व्हावयास 1951 साल उजाडले. पांढऱ्या रंगाचे आठ पोलादी खांब, त्यांच्या मध्ये जणू अधांतरी धरलेल्या जमीन आणि छत या दोन आडव्या पाट्या, आणि त्या दोहोंमध्ये चारही बाजूंनी काच, एवढेच हे घर. जमीन ट्रॅव्हर्टीन दगडाची असून नदीच्या पुराचा विचार करून ती भूपृष्ठापासून सव्वापाच फूट उचललेली आहे. आत सुमारे 55 फूट लांब आणि 28 फूट रुंद अशी एकच सलग जागा. तिच्यात प्रिमावेरा नावाच्या फिकट लाकडाने मढविलेला एक गाभा असून स्नानगृहे, स्वयंपाकाचा ओटा, शेकोटी आणि नळ-तारा हे सर्व त्यात कोंबलेले आहे. हा गाभा बाहेरच्या काचेला कोठेही टेकत नाही. निजण्याची, बसण्याची व जेवणाची जागा यांमध्ये दार नाही आणि भिंतही नाही. गाभ्याच्या कोणत्या बाजूला आपण आहोत यावरून ती ओळखावयाची.

वास्तुशिल्पी आणि घरमालकीण यांचे संबंध काम संपण्यापूर्वीच बिघडले. खर्च सुमारे 74 हजार डॉलरांवर गेला होता. मानधनासाठी मीस यांनी दावा लावला, डॉ. फार्न्सवर्थ यांनी उलट दावा केला, 1952 मध्ये सुनावणी झाली आणि 1953 मध्ये निष्कर्ष मीस यांच्या बाजूने लागला. पुढे तडजोड झाली. या खटल्याची हकीगत अनेकांनी चवीने सांगितली आहे, आणि तिच्यात भग्न प्रेमाची एक कथा घुसडण्याचा मोहही अनेकांना आवरलेला नाही. तिचा आपल्याला येथे काही उपयोग नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा वाद न्यायालयापुढे आलेल्या पैशांच्या वादाहून वेगळा आणि दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. तो एका कपाटाच्या उंचीविषयीचा वाद होय.

घरात कपडे ठेवण्यास जागा नव्हती, कारण ती जागा जिच्यात असते ती भिंतच नव्हती. तेव्हा निजण्याचा भाग आणि बसण्याचा भाग यांच्यामध्ये सागवानाचे एक लांबट कपाट सुटे उभे करण्याचे ठरले. प्रमाणबद्धतेच्या दृष्टीने ते पाच फूट उंच असावे असे मीस यांचे मत होते. डॉ. फार्न्सवर्थ यांची स्वतःची उंची सहा फूट होती. पलीकडे पाहुणे बसलेले असताना अलीकडे कपडे बदलावयाचे तर आपले धडावेगळे डोके कपाटावरून हिंडताना दिसेल, असे त्यांनी 1953 मध्ये एका गृहसजावटविषयक मासिकाला दिलेल्या मुलाखतीत विनोदाने, पण कडवटपणे सांगितले. त्याच मुलाखतीत त्यांच्या आणखीही तक्रारी आहेत: साधा कपड्यांचा हँगर कोठे अडकवावयाचा तरी बाहेरून त्याने दृश्य कसे बदलेल याचा विचार करावा लागतो, स्वयंपाकाचा भाग रस्त्यावरून दिसत असल्यामुळे ओट्याखाली कचऱ्याचा डबा ठेवता येत नाही.

या तक्रारींची टिंगल करणारे वास्तुसमीक्षक झाले, आणि त्या तक्रारींच्या आधारे आधुनिक वास्तुकला ही अमेरिकन जीवनपद्धतीवरील संकट आहे असा ओरडा करणारेही झाले. दोन्ही पक्षांनी त्यांतील खरा मुद्दा हातचा घालविला असे मला वाटते. पाच फूट की सहा फूट, हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा दिसतो. वस्तुतः ते कपाट कोणत्या वर्गात बसते, हा तो प्रश्न आहे. ते फर्निचर असेल, तर त्याच्या उंचीचा निर्णय वापरणाऱ्या माणसाच्या शरीरावरून व्हावा, आणि तो त्याने स्वतः करावा. ते भिंत असेल, तर तो इमारतीचा भाग, आणि त्याचा निर्णय वास्तुशिल्प्याचा. कपाट दिसावयास पहिल्या वर्गातील आणि कामाने दुसऱ्या वर्गातील होते. म्हणून दोघांनाही ते आपले वाटले, आणि आपापल्या व्याख्येनुसार दोघांचेही बरोबर होते.

जंगमाला स्थावराचे काम पडले म्हणजे काय होते, याचे हे पहिले उदाहरण. यातून निघणाऱ्या व्यावहारिक गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. भिंतींच्या खोलीत कपाटाला किंवा कोचाला पुढची बाजू असते आणि मागची बाजू असते. मागे साधी फळी किंवा जाडेभरडे कापड लावलेले चालते, कारण ते कोणाला दिसावयाचे नसते. काचेच्या घरात ‘मागची बाजू’ ही कल्पनाच नाहीशी होते. प्रत्येक वस्तू चारही अंगांनी पुरी केलेली असावी लागते, मूर्ती आणि भित्तिशिल्प यांत जो फरक आहे तसा. आसने ठेंगणी आणि बारीक पायांची निवडावी लागतात, एरवी आतून बाहेर जाणारी दृष्टी त्यांवर अडखळते. खोली कोठे संपते हे सांगावयास भिंत नसल्यामुळे ते काम गालिच्याकडे येते: गालिच्याच्या कडेच्या आत बसण्याची जागा, बाहेर येण्याजाण्याची वाट. विजेच्या जोडण्यांना भिंत नसल्याने त्या जमिनीतून घ्याव्या लागतात, आणि जेथे जोडणी तेथेच दिवा, जेथे दिवा तेथेच खुर्ची, असे बंधन पडते. सुती-रेशमी कापड सतत उन्हात राहून विटते. थंडीच्या दिवसांत हवा पुरेशी उबदार असली तरी काचेजवळ बसवत नाही, कारण शरीराची उष्णता थंड पृष्ठभागाकडे उत्सर्जित होत राहते. आणि एकेरी काचेच्या आतल्या अंगावर बाष्प साचून पाणी ओघळते. म्हणून सारे सामान काचेपासून दूर, मधल्या गाभ्याच्या आश्रयाला सरकते. चोहोंकडून मोकळे दिसणारे हे घर वापरताना मात्र मध्याशी गोळा झालेले असते, ही गोष्ट छायाचित्रांवरून सहसा उमगत नाही.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी आहे. आत दिवा आणि बाहेर अंधार असला म्हणजे आतल्या माणसाला काचेत बाहेरचे काही दिसत नाही. स्वतःचेच प्रतिबिंब चारही बाजूंनी दिसते, आणि बाहेरच्याला मात्र आतले सर्व दिसते. दिवसा जी काच दृष्टीला वाट देते ती रात्री एकाच बाजूला वाट देते. निर्जन ठिकाणी एकट्या राहणाऱ्या माणसाला याचा काय अर्थ आहे हे सांगावयास नको.

यावर उपाय पडद्याचा. मूळ योजनेत कच्च्या, नैसर्गिक रंगाच्या शांटुंग रेशमाचे पडदे होते. येथे भिंतीच्या शब्दांकडे पुन्हा वळणे अगत्याचे आहे. गोट्फ्रीड सेम्पर या जर्मन वास्तुशास्त्रज्ञाने 1851 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वास्तुकलेची चार मूलतत्त्वे’ या ग्रंथात असे मांडले की भिंतीचे आद्य रूप दगडामातीचे नसून विणलेल्या चटईचे व कापडाचे आहे. पुढे त्याने जर्मन भाषेचा दाखलाही दिला: भक्कम दगडी भिंतीला ‘माउअर’ हा लॅटिनमधून आलेला शब्द, आणि खोलीच्या आडोशाच्या भिंतीला ‘वांड’ हा शब्द, ‘वांड’ आणि वस्त्र या अर्थाचा ‘गेवांड’ हे एकमेकांचे नातलग. सेम्परच्या सर्व व्युत्पत्ती आजच्या कसोट्यांवर जशाच्या तशा उतरतील असे नाही. पण त्याला संस्कृत कोश उघडता आला असता तर एक भक्कम साक्षीदार मिळाला असता. आपल्या ‘भिंत’ या शब्दाचे मूळ जे ‘भित्ति’, ते ‘भिद्’ म्हणजे फोडणे, चिरणे, या धातूपासून झालेले असून शतपथ ब्राह्मणात त्याचा अर्थ चिरलेल्या वेतांची किंवा बोरूंची चटई असा आहे. माती-दगडाची भिंत हा त्याचा नंतरचा अर्थ. म्हणजे भिंत आधी चटई होती, मग ती घट्ट झाली. कोकणातील कुडाच्या भिंतीत तिची मधली अवस्था अलीकडेपर्यंत पाहावयास मिळत असे. काचेच्या घरात रेशमी पडदा ओढणारा माणूस तिला पुन्हा मूळ रूपाकडे नेतो. फरक इतकाच की ती आता दिवसातून दोनदा उभारावी आणि मोडावी लागते.

खिडकीविषयीच्या शब्दांतही असाच एक धागा आहे. इंग्रजी ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या समासापासून आला आहे. संस्कृत ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. दोन्ही शब्दांनी खिडकीचे काम म्हणून वाऱ्याची आठवण ठेवली आहे. प्लेनोच्या घरात चोहोंकडे दृष्टीला वाट आहे. वाऱ्याला मात्र पश्चिमेकडील दार आणि पूर्वेच्या टोकाशी तळाला दोन लहान झडपा एवढ्याच वाटा आहेत. काचेतून आत आलेले ऊन दगडी जमीन आणि सामान तापविते, आणि त्यांनी परत सोडलेली उष्णता काचेतून सहज बाहेर जात नाही. उन्हाळ्यात घर तापते, आणि दार उघडावे तर नदीकाठचे डास दिव्याकडे येतात. डॉ. फार्न्सवर्थ यांनी दाराबाहेरील आच्छादित ओसरीला जाळी बसवून घेतली. पुढील मालकाने ती काढून टाकली, आणि वातानुकूलनाची यंत्रणा बसविली.

याच काळात बांधल्या गेलेल्या आणखी दोन काचगृहांशी तुलना केल्याखेरीज या घराची अडचण नेमकी कळत नाही. फिलिप जॉन्सन यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू केनन येथे स्वतःसाठी बांधलेले काचेचे घर 1949 मध्ये पुरे झाले, म्हणजे प्लेनोच्या घराआधी; मात्र मूळ कल्पना मीस यांच्या आराखड्यांवरून सुचली हे जॉन्सन यांनी कधी लपविले नाही. 56 फूट लांब, 32 फूट रुंद, विटांची जमीन, आणि विटांच्याच एका वर्तुळाकार गाभ्यात स्नानगृह व शेकोटी. फर्निचर बहुतांशी मीस यांचेच, पांढऱ्या गालिच्यावर ठरल्या जागी मांडलेले, आणि दशकानुदशके तेथून न हललेले. भिंत नसल्यामुळे पूसँ या फ्रेंच चित्रकाराच्या नावे असलेले एक निसर्गचित्र जमिनीवरून उभ्या केलेल्या धातूच्या आधारावर लावलेले आहे. चित्रालाही पाय आले. रात्रीच्या आरशाचा प्रश्न रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकाराने बाहेरची झाडे उजळून सोडविला.

जॉन्सन यांना हे सर्व साधले याचे कारण घरात शोधून सापडणार नाही. ते घराबाहेर आहे. काचेच्या घरासमोरच त्यांनी त्याच सुमारास विटांचे एक जवळजवळ बंद असे पाहुणेघर बांधले. 1965 मध्ये चित्रांसाठी जमिनीत पुरल्यासारखे एक दालन, 1970 मध्ये शिल्पांसाठी दुसरे, 1980 मध्ये पुस्तकांसाठी जाड भिंतींची एक छोटी अभ्यासिका. एका सामान्य घरात जी कामे चार भिंती करतात, ती त्यांनी सुमारे 49 एकरांच्या मालकीच्या जमिनीवर निरनिराळ्या इमारतींना वाटून दिली. दृष्टी अडविणारी खरी भिंत म्हणजे सभोवारची जमीन होय, आणि त्या निसर्गदृश्याला ते विनोदाने आपला महागडा भित्तिकागद म्हणत. एका खोलीचे घर बांधून तेथे आठवड्याची अखेर घालविणाऱ्या माणसाला हा मार्ग मोकळा नव्हता. डॉ. फार्न्सवर्थ यांच्याजवळ ही जमिनीची भिंतही पुरती टिकली नाही: 1960 च्या दशकाच्या अखेरीस नवीन पुलासाठी व रस्त्यासाठी त्यांच्या जागेचा काही भाग सक्तीने घेतला गेला, आणि वाहने घराच्या अधिक जवळून जाऊ लागली. त्याविरुद्ध त्या लढल्या आणि हरल्या.

तिसरे घर चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याचे. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक पॅलिसेड्स येथे, एका नियतकालिकाने पुरस्कारिलेल्या नमुनागृहांच्या योजनेतील आठवे घर म्हणून, तेही 1949 मध्येच उभे राहिले. त्याचाही सांगाडा पोलादाचा, तोही तयार कारखानी भागांचा. पण तपशिलात ते अगदी निराळे आहे. त्याची एक बाजू टेकडीत रोवलेल्या काँक्रीटच्या भिंतीला पाठ लावून आहे. इतर बाजूंस काही तावदाने पारदर्शक, काही अर्धपारदर्शक, तर काही ठिकाणी काचच नसून रंगविलेले अपारदर्शक पत्रे आहेत. समोर निलगिरीच्या झाडांची रांग आहे आणि तिची सावली काचेवर पडते. म्हणजे दृष्टी किती आणि कोठे अडवावयाची याचे बारकावे येथे भिंतीतच राखले आहेत. आणि आत काय नाही? बाहुल्या, पतंग, शिंपले, टोपल्या, गालिचे, पुस्तके, रोपटी. निरनिराळ्या देशांतून गोळा केलेल्या वस्तूंची अखंड मांडामांड. रे ईम्स ज्यांच्यापाशी शिकल्या त्या हान्स होफमान यांचे एक चित्र चक्क छताखाली आडवे टांगलेले होते. हे दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून 1958 मध्ये आपल्याकडे येऊन गेले, आणि त्यांच्या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, हे अनेकांस ठाऊक असेल. त्या अहवालात त्यांनी सर्वांत मनापासून वर्णन केले आहे ते आपल्या लोट्याचे: तो हातात कसा बसतो, डोक्यावर वा कमरेवर कसा पेलतो, रिकामा आणि भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो. शरीराच्या मापाने वस्तूकडे पाहणारी ही दृष्टी असल्यावर काचेच्या घरातही पाच फूट की सहा फूट हा तंटा उद्भवला नाही. अर्थात तेथे वास्तुशिल्पी आणि राहणारे एकच होते, हेही विसरता कामा नये. जॉन्सन यांच्या बाबतीतही तेच. तीन प्रसिद्ध घरांपैकी ज्या एकात बांधणारा आणि राहणारा वेगळे होते, तेथेच भांडण झाले.

मग वास्तुशिल्पी परका असला की भांडण अटळच होते काय? तसे म्हणता येत नाही, कारण मीस यांच्याच एका आधीच्या घराची साक्ष उलट आहे. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे 1930 मध्ये पुऱ्या झालेल्या टुगेंडहाट दांपत्याच्या घरात बसण्याजेवणाचा भाग असाच सलग आणि मोठमोठ्या काचांचा होता; त्यांतील दोन काचा यंत्राने तळघरात उतरविता येत. फर्निचर आणि पडदे मीस व लिली राइश यांनी त्या घराकरिता योजिले होते. 1931 मध्ये ‘डी फॉर्म’ या जर्मन नियतकालिकात युस्टुस बीअर या समीक्षकाने, या घरात राहता येते काय, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. त्यावर खुद्द पतिपत्नींनी उत्तरे दिली. त्या दालनात भिंतीवर चित्रे टांगता येत नाहीत आणि दुसऱ्या शैलीची वस्तू आणून ठेवता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. पण त्यामुळे आपले खासगी जीवन दडपले जाते हे मात्र मान्य केले नाही. ग्रेटे टुगेंडहाट यांनी तर, जागेच्या त्या कडकपणातच मनाला मोकळे करणारे काही आहे, असे म्हटले. हा कबुलीजबाब प्रामाणिक आहे यात शंका नाही. मात्र तो वाचताना वरच्या मजल्याचा विसर पडू नये. टुगेंडहाट कुटुंबाच्या निजण्याच्या खोल्या त्या मजल्यावर निराळ्या होत्या, आणि त्यांना चारी बाजूंनी नेहमीसारख्या भिंती व दारे होती. काचेचे दालन म्हणजे त्यांच्या घराचा एक भाग होता. प्लेनो येथे तोच भाग पूर्ण घर झाला.

डॉ. फार्न्सवर्थ यांनी मीस यांच्या पसंतीचे फर्निचर घेतले नाही. येन्स रिसोम, ब्रूनो मॅट्सन, फ्लॉरेन्स नोल, फ्रँको आल्बिनी यांच्या कलाकृती, आणि त्यांच्यासोबत स्वतःच्या आवडीच्या जुन्या वस्तू, अशी मिश्र मांडणी त्यांनी केली. तक्रारी असूनही सुमारे वीस वर्षे त्या या घरात येत-जात राहिल्या, ही गोष्ट त्यांच्यावर हसणाऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. 1972 मध्ये ते घर पीटर पालुम्बो या इंग्रज गृहस्थांकडे गेले, डॉ. फार्न्सवर्थ इटलीत फ्लॉरेन्सजवळ जाऊन राहिल्या, इटालियन कवितेची इंग्रजी भाषांतरे करू लागल्या, आणि 1977 मध्ये तेथे वारल्या. पालुम्बो यांनी घरात मीस यांचे फर्निचर मांडले. त्यामुळे पुढील पिढ्यांनी छायाचित्रांत जे फार्न्सवर्थ यांचे घर पाहिले, त्यात फार्न्सवर्थ यांची एकही खुर्ची नव्हती. 2003 मध्ये लिलावात पंचाहत्तर लाख डॉलरांना घेतले जाऊन ते सार्वजनिक विश्वस्तांच्या ताब्यात आले, तेव्हाही लोकांना दाखविले गेले ते हेच रूप. घराचे नाव राहणाऱ्या स्त्रीचे, आणि सामान तिने नाकारलेले, अशी ही विसंगती कित्येक वर्षे कोणाला फारशी खटकली नाही. पुढे 2020 मध्ये एका प्रदर्शनाच्या निमित्ताने घर 1955 च्या सुमारास जसे होते तसे, म्हणजे त्यांच्या निवडीच्या सामानाने, पुन्हा मांडण्यात आले, आणि 2021 मध्ये विश्वस्तांनी घराच्या नावात ‘एडिथ’ हे त्यांचे स्वतःचे नाव जोडले. ज्यांनी ते दोन्ही रूपांत पाहिले त्यांना एकच इमारत दोन निरनिराळी घरे वाटावी इतका फरक पडतो. स्थावर तेच, जंगम बदलले. ईम्स यांच्या घरी याच्या उलट घडले होते: 2011 मध्ये दिवाणखान्यातील अठराशेहून अधिक वस्तू लॉस एंजेलिस येथील कला संग्रहालयात नेऊन तेथे तो दिवाणखाना जसाच्या तसा उभा केला गेला. जंगम उठून गेले, आणि घरही त्याच्याबरोबर गेल्यासारखे दिसले.

सागवानी कपाटाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. फॉक्स नदीने सव्वापाच फुटांचा हिशेब कधीच मानला नव्हता. पुराचे पाणी 1954 मध्ये घरात शिरले होते, आणि 1996 च्या पुरात काचा फुटल्या. 2008 मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा खुर्च्या, मेजे आणि इतर सामान उचलून उंचावर ठेवता आले. कपाट अवजड, त्यामुळे ते जागचे हलविता आले नाही. ते भिजून त्याचे मोठे नुकसान झाले. दुरुस्तीनंतर ते त्याच आवारात बांधलेल्या एका लहान दालनात नेऊन ठेवण्यात आले.